सरकणारा पट्टा

“पाणी वरून ओत, धाकटे. खालून मारलंस तर भिंत राहील कोरडी आणि धुतली जाशील तू. आणि एक पक्कं ध्यानात ठेव, हा पट्टा भिंतीचा नव्हे, वाळूचा आहे. वाळू सरकली की यालाही सरकवायचं. कुणी विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तरी सांगायचं.”

मामंजींना जाऊन नऊ वर्षं झाली होती. तरी सकाळी शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय पडला, की सासऱ्यांचा हा आवाज धाकटीच्या कानाशी येऊन उभा राही. धाकटी बावन्न वर्षांची होती, लेकीला लेक झाली होती, पण धाकटी सून म्हणून या घरात आली ती गावभर धाकटीच राहिली. केस पांढरे झाले, नाव काही मोठं झालं नाही.

भिंत म्हणजे त्यांच्या जाळी विणायच्या कारखान्याची समुद्राकडची भिंत. कारखाना म्हणायचं आपलं. आत एक लांबच लांब खोली, दोन खुंट्यांच्या रांगा, फाटकी जाळी मांडीवर घेऊन बसायला बुटकी स्टुलं, आणि मागे लागूनच राहतं घर. बाहेरून मात्र ती भिंत दुमजली उंच, चुन्याने पांढरीशुभ्र, आणि तिच्यावर वरून खाली हातभर रुंद काळा पट्टा. मागच्या टेकडीच्या उतारावर पाण्याची गोल टाकी होती. समुद्रातून येणाऱ्या होडीने ती टाकी बरोबर पट्ट्याच्या डोक्यावर धरायची आणि सरळ यायचं. बाहेर पाण्याखाली वाळूचा लांब बांध होता, त्याला एकच खिंड, आणि या रेषेवर आलेली होडी त्या खिंडीतूनच आत येई. रेषा सोडली की तळ वाळूत. मग भरतीची वाट बघत बसायचं, आणि समुद्राला राग आलेला असला तर देवाचं नाव घ्यायचं.

खाऱ्या वाऱ्याने भिंतीवर मळकट थर चढे. म्हणून रोज सकाळी तीन बादल्या गोडं पाणी. ते झाल्याशिवाय धाकटी तोंडात घोट घेत नसे. देवापुढे दिवा आणि भिंतीवर पाणी, ही दोन्ही कामं तिने एकाच दोऱ्यात ओवली होती. देव आपल्याकडून मोठं काही मागत नाही, रोजचं मागतो, असं तिचं म्हणणं. एकदा तापाने फणफणत होती तेव्हा नवऱ्याने शिडी धरली होती आणि म्हणाला होता, “एक दिवस नाही धुतली तर भिंत पळून जाणार आहे का?” ती वरून म्हणाली होती, “भिंत नाही हो, मी जाईन.”

या कामात एक गंमत होती, ती फक्त सकाळी उठणाऱ्याला दिसे. चुना ओला झाला की त्याचं पांढरेपण विरघळल्यासारखं होई आणि त्याच्या पोटातले जुने पट्टे वर येत. एक, दोन, करता करता अकरा. काही डावीकडे, काही उजवीकडे, काही एकमेकांना चिकटून, जणू भिंतीने बोटं पसरून हात टेकलाय. वाळूतली खिंड जेव्हा जेव्हा सरकली, तेव्हा तेव्हा काठीने पाणी मोजून पट्टा सरकवला होता. खिंड होडीच्या लांबीइतकी सरकली तर पट्टा साधारण हातभर, हे मामंजींचं माप. जुना पट्टा चुन्याखाली, नवा शेजारी. त्यांतले शेवटचे दोन धाकटीच्या हातचे, आणि आत्ता वर दिसणारा बारावाही तिचाच. ऊन चढलं, भिंत वाळली, की अकराच्या अकरा पुन्हा गुडूप.

त्या वर्षी गावाला नवा किनारा मिळणार होता.

नगरपालिकेच्या सभागृहात काचेच्या पेटीत त्याची प्रतिकृती ठेवली होती. काडेपेटीएवढी दुकानं, दगडी फरसबंदी, बाकं, दिवे, चिमुकली झाडं, आणि बोटभर उंचीची माणसं, सगळी तरुण आणि सडपातळ. “यात आपल्यातलं कुणी दिसत नाही,” असं न्हावी म्हणाला होता. पेटीशेजारी मतांचे कागद आणि ते टाकायला एक डबा. गावाने कधी कशाला टाकले नसतील इतके कागद त्या डब्यात पडले. न्हाव्याला बाकं आपल्या दुकानासमोर हवी होती, कारण बसलेल्या माणसाला आपले केस वाढल्याचं आठवतं. निवृत्त हेडमास्तरांना घड्याळ हवं होतं, चारी बाजूंनी दिसणारं. टॅक्सीवाल्याला गाड्या लावायला जागा हवी होती, पाववाल्याला गाड्याच नको होत्या. आणि ब्याऐंशी वर्षांच्या शिंपीणबाईंनी मोठ्या अक्षरांत एवढंच लिहिलं होतं, की समुद्र बघायला आलेल्या माणसाला समुद्राआधी जे लागतं ते आधी बांधा.

पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत झालं होतं. दोनशे चौदा कागदांवर लिहिलेलं होतं: पांढरी भिंत ठेवा.

आणि आराखडा करणाऱ्या इंजिनीअरबाईने गावाचा शब्द खाली पडू दिला नाही. वय जेमतेम तिशीचं, पायात चिखलाचे बूट, कानामागे कायम पेन्सिल. तिने भिंत ठेवली. नुसती ठेवली नाही, सजवली. चुन्याऐवजी पांढऱ्या फरशा, रंगाऐवजी काळा दगड, घासूनपुसून चकचकीत, शंभर वर्षं हलणार नाही असा. खाली पितळी पाटी, तिच्यावर मामंजींचं नाव. तो दगड बुधवारी ट्रकमधून उतरला आणि कारखान्याच्या दारात फळ्यांवर आडवा पडला. गुरुवारपासून काम सुरू.

धाकटीने हे सगळं महिनाभर आधी ऐकलं होतं. दगड, फरशा, पाटी. मामंजींचं नाव पितळेत येणार म्हणून डोळे भरून आले होते, आणि भरलेल्या डोळ्यांना पुढचं दिसलं नव्हतं. हे तिला कळलं ते दगड उतरला त्याच दुपारी, बोयाकाका आले तेव्हा.

बोयाकाका म्हणजे मामंजींच्या होडीवरचा जुना माणूस. अंगाने गोल, आयुष्यात तीनदा समुद्रात पडलेला आणि तिन्ही वेळा पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या पिंपासारखा न बुडलेला, म्हणून बोया. ते स्टुलावर न बसता जाळ्यांच्या ढिगावरच टेकले.

“सूनबाई, परवा तळ घासला माझा.”

“रेषा सुटली असेल काका.”

“मी? माझी?” त्यांनी छातीवर हात ठेवला. “टाकी पट्ट्याच्या डोक्यावर अशी ठेवली होती, जशी काय टोपी. तरी घासला. काल त्या शेजारच्या वाकड्याची होडी घासली. खिंड दक्षिणेला गेलीय, दोन होड्या तरी. तीन वर्षं गप्प होती, या वादळांनी हलवली. मोजायला जाऊ, आणि तू पट्टा घे दोन हात तिकडे.”

धाकटीच्या हातातली विणायची सुई थांबली. तिने दाराबाहेर पडलेल्या काळ्या दगडाकडे पाहिलं. ते बघून बोयाकाकांनीही पाहिलं.

“तुम्ही त्या कागदावर काय लिहिलं होतं काका?”

“भिंत ठेवा. आणि काय?”

“पट्टा सरकतो, हे लिहिलंत?”

“ते काय लिहायचं?” काका हसले. “भरती येते हेही लिहू का मग?” आणि हसता हसताच त्यांचा चेहरा उतरला. “म्हणजे कुणीच…”

“मीही नाही,” धाकटी म्हणाली.

नाही विचारलं तरी सांगायचं, असं मामंजी म्हणाले होते. विचारलं नव्हतं, आणि तिने सांगितलं नव्हतं. एवढीशी गोष्ट. आणि या एवढ्याशा गोष्टीवर उद्यापासून शंभर वर्षांचा दगड बसणार होता, चुकीच्या जागी, मामंजींचं नाव पायाशी घेऊन. त्या नावावर विश्वास ठेवून होड्या सरळ वाळूत येणार होत्या.

तिने सुई जाळीत खोचली आणि उठली. आज चार वाजता शेवटची सभा होती.

“कुठं निघालीस?” जाऊबाई दारातच भेटल्या. कारखान्याच्या कोपऱ्यात सुतळी, गळ आणि बॅटऱ्या विकायचं त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, गळक्या पत्र्याखालची एक फळी. नव्या किनाऱ्यावर त्यांना भिंतीला लागून पक्कं दुकान मिळणार होतं, तीन नंबरचं, शटरवालं. शटर वरखाली करायची सवय हाताला असावी म्हणून त्या हल्ली घरातला पडदाही झटक्याने वर सारत.

धाकटीने दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

“हे बघ धाकटे,” जाऊबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, आणि त्यांचा खाली आणलेला आवाजही पाववाल्यापर्यंत जाई, “आता बोललीस तर काम थांबेल. थांबलेलं काम आणि रुसलेला जावई, दोन्ही परत कधी येतील सांगता येत नाही. दगड बसू दे. मग हळूच सांगू.”

“बसल्यावर दगड ऐकत नाही जाऊबाई.”

“हल्ली सगळ्यांच्या मोबाईलमध्ये समुद्र असतो. पट्टा बघतंय कोण?”

“मोबाईलमध्ये बंदर दिसतं. वाळू दिसत नाही. वाकड्याकडे नवा मोबाईल आहे, आणि कालच घासला तो.”

“आणि तू बोलणार सभेत? तू? तुझं बोलणं ऐकायला माणसाला चालता चालता थांबावं लागतं!”

हे खरं होतं. धाकटी हसली. “थांबतील मग,” म्हणाली, आणि जाताना दारातली बादली उचलून घेऊन गेली.

सभेत पाय ठेवायला जागा नव्हती. नगराध्यक्ष मधल्या खुर्चीत, शेजारी इंजिनीअरबाई, समोर ती काचेची पेटी. घड्याळाच्या चार तोंडांवरून हेडमास्तर आणि टॅक्सीवाला यांचं जुंपलं होतं.

“चार कशाला? समुद्राकडून वेळ कोण बघणार, मासे?”

“तुझी टॅक्सी वेळेवर येत असती तर एकही लागलं नसतं!”

न्हावी मध्ये पडला, त्याला दोघांनी गप्प केलं. शिंपीणबाई दर पाच मिनिटांनी विचारत होत्या, “माझ्या त्या मुद्द्याचं काय ठरलं?” आणि प्रत्येक वेळी नगराध्यक्ष लाजून कागद चाळत होते.

धाकटी मागून पुढे आली. बादली बघून लोकांनी वाट दिली. बादलीला वाट द्यायची माणसाला सवयच असते.

“मला सांगायचंय,” ती म्हणाली.

“मोठ्याने!” मागून कुणीतरी ओरडलं.

“जरा मोठ्याने, ताई,” नगराध्यक्षही म्हणाले.

“याहून मोठं मला येत नाही,” धाकटी म्हणाली. घाबरून नाही; चपलेचं माप सांगावं तसं. “म्हणून म्हणते, सगळे भिंतीशी चला. चारशे पावलं आहेत. तिथं मला फार बोलावं लागणार नाही.”

नगराध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. पण इंजिनीअरबाई तोवर उठलीही होती, पेन्सिल कानामागे खोचत. ती उठली म्हटल्यावर नगराध्यक्ष उठले, आणि ते उठले म्हटल्यावर उरलेलं गाव बसून काय करणार?

भिंतीवर दुपारचं ऊन होतं. पांढरी, कोरडी, मधोमध तो एक काळा पट्टा, जसा त्या प्रतिकृतीत होता तसाच. धाकटीने नळावर बादली भरली, पदर खोचला, शिडी चढली. खाली पन्नाससाठ माणसं. रोज या शिडीवरून तिला खाली कुणी दिसत नसे. तिने मनात देवाचं नाव घेतलं, आणि वरून पाणी सोडलं.

एक बादली डावीकडे. बोयाकाकांनी दुसरी भरून दिली, ती मध्ये. तिसरी उजवीकडे.

आधी काहीच झालं नाही. “भिंत धुवायला बोलावलंय होय आपल्याला?” असं टॅक्सीवाला म्हणतोय तोच शिंपीणबाईंनी त्याच्या दंडाला चिमटा काढला. पांढऱ्याच्या आतून राखाडी सावली वर येत होती. मग तिच्या शेजारी दुसरी. मग पलीकडे दोन, जोडीने. भिंत जसजशी भिजत गेली तसतसे पट्टे वर आले, आणि खाली जमलेलं गाव एकेक पाऊल पुढे सरकलं. हेडमास्तर सवयीने मोजत होते. “अकरा,” ते म्हणाले. “काळा धरून बारा.”

इंजिनीअरबाई पुढे येऊन ओल्या भिंतीला हात लावून उभी राहिली. पहिल्या पट्ट्यापासून शेवटच्यापर्यंत तिने पावलं टाकली. मग समुद्राकडे पाहिलं, मग वळून टाकीकडे. तिला सांगावं लागलं नाही. तिने कानामागची पेन्सिल काढली आणि तशीच हातात धरून राहिली.

“हा सरकतो,” ती म्हणाली.

“वाळूबरोबर,” धाकटी शिडीवरूनच म्हणाली, आणि आता तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं. “तीन वर्षं सरकला नव्हता. आता दोन होड्या घासल्यात. या तुमच्या दगडाची जागा आजच चुकलीय बाळ, शंभर वर्षांची गोष्ट सोड.”

“काकू, मी आठ महिने इथं येतेय.” इंजिनीअरबाईचा आवाज दुखावलेला होता. “दोनशे चौदा कागद वाचलेत मी, एकेक. भिंत ठेवा, भिंत ठेवा. एकानेही हे का नाही लिहिलं?”

 न्हाव्याने चपलेचा अंगठा वाळूत फिरवला.

“आम्हाला वाटलं, हे सगळ्यांना माहीतच असतं,” बोयाकाका म्हणाले. “सगळे म्हणजे आम्हीच, हे ध्यानात आलं नाही.”

“चूक माझी,” धाकटी खाली उतरत म्हणाली. “न विचारता सांग म्हणून मला बजावलेलं होतं. मी आज सांगतेय.”

नगराध्यक्षांच्या कपाळावर आठ्या पडल्या. फीत कापायची तारीख छापून गेली होती. “म्हणजे आता सगळं काम—”

“काम थांबत नाही,” इंजिनीअरबाई म्हणाली. तिने खिशातला आराखडा उघडून भिंतीवरच धरला, तो ओलाव्याने चिकटला तरी तिला पर्वा नव्हती. “उलट कमी झालं. फरशा नकोत. चुना राहील, रंग राहील. शिडीसाठी इथं पक्क्या कड्या देते आणि नळ जवळ घेते. समोर लावायची ही दोन झाडं आराखड्यातून काढते, नाहीतर पाच वर्षांत पट्टाच दिसायचा नाही. हे मला आज कळलं ते बरं झालं.”

“आणि हा एवढा दगड?” जाऊबाई गर्दीतून पुढे येत म्हणाल्या.

“तुम्हीच सांगा, मावशी.”

जाऊबाईंनी दगडाची लांबी डोळ्यांनी मोजली. मग भिंतीलगतच्या आखलेल्या जागेची. “माझ्या दुकानाला पायरी हवीच होती,” त्या म्हणाल्या. “हलत नाही ना तो? मग झालं. दुकानाने हलू नये, पट्ट्याने हलावं.”

गाव हसलं, आणि त्या हशात तीन नंबरचं दुकान मंजूर झाल्यासारखंच झालं. शिंपीणबाईंनी संधी साधली, “आणि माझा मुद्दा?” तोही लगेच मान्य झाला, नगराध्यक्षांना त्या वेळी काहीतरी मान्य करून मोकळं व्हायचंच होतं.

गर्दी पांगली तरी इंजिनीअरबाई थांबली. तिने आराखड्याच्या कडेला एक ओळ लिहिली होती आणि तिच्यापुढे जागा कोरी सोडली होती.

“काकू, आता हे तोंडी नको. पट्टा कोण सरकवणार आणि कधी, हे लिहायचंय मला. म्हणजे उद्या मी नसले, तुम्ही नसलात, तरी पुढच्याला कळेल.”

“लिही. जाळीवाल्यांची धाकटी. खिंड हलली की. मोजताना बोयाकाका सोबत. आणि पाटीवर मामंजींच्या नावाखाली जागा सोड. तिथं लिही, की हा पट्टा सरकतो.”

“आणि आत्ताचा? होड्या घासतायत म्हणालात.”

“उद्या सकाळी ओहोटीला मोजते. दुपारच्या होड्या परत यायच्या आत पट्टा नव्या जागी असेल.”

“नक्की?”

धाकटीने ओल्या पट्ट्यांकडे पाहिलं. ते आता फिके होत चालले होते. ऊन आपलं काम करत होतं.

“शब्द दिला,” ती म्हणाली.

इंजिनीअरबाईने लिहिलं. मग जरा घुटमळून विचारलं, “मी आले तर चालेल? मोजताना बघायला?”

“ये की. फक्त पोटात काहीतरी घालून ये. होडी हलते, आणि उपाशी राहायचा नेम माझा आहे, तुझा नाही.”

दुसऱ्या दिवशी उजाडताना धाकटीने दिवा लावला, हात जोडले. भिंतीवर तीन बादल्या पाणी घातलं, वरून खाली. पट्टे वर आले तसे तिने नजरेनेच तेराव्याची जागा धरली, काळ्यापासून दोन हात दक्षिणेला. त्या जागी चुना अजून कोरा होता, आजवर कुणाचा हात न लागलेला.

कोपऱ्यातली मोजायची काठी तिने उचलली. दोन माणसं लांबीची, हातभर अंतरावर खाचा पाडलेली, वरच्या टोकाला मामंजींच्या पकडीने गुळगुळीत झालेली. ती दारातून तिरपी काढावी लागे. तशी तिने काढली, चौकटीला न लागता, घरात कुणाची झोप न मोडता.

पायरीवर काळ्या रंगाचा डबा ठेवला होता. शेजारी ब्रश, पाण्यात भिजवून मऊ केलेला. आतून पडद्याआड जाऊबाईंचा आवाज आला, “झाकण घट्ट बसलं होतं, सैल केलंय. तुझ्या हातात जोर कुठाय.”

“आल्यावर लागेल,” धाकटी हळूच म्हणाली. “इथंच असू द्या.”

खाली पाण्याच्या कडेला बोयाकाका होडी ढकलत होते, आणि चिखलाच्या बुटांतली एक उभी आकृती त्यांना मदत करायच्या नादात वाटेतच येत होती. धाकटीने काठी खांद्यावर घेतली आणि ओल्या वाळूतून तिकडे चालू लागली.